स्टारएक्स स्पेक्ट्रोग्राफ जवळच्या इन्फ्रारेडमध्ये: विदर्भातल्या कॉलेजनं घ्यावा का?

ग्रह शोधायला म्हणून स्टारएक्स हा स्पेक्ट्रोग्राफ (ताऱ्याचा प्रकाश फाकवून त्याचा वर्णपट नोंदवणारं यंत्र) घेणार असाल तर घेऊ नका. ज्या ताऱ्यांभोवती ग्रह आहेत त्या ताऱ्यांचा इन्फ्रारेड वर्णपट विद्यार्थ्यांनी स्वतः घ्यावा, वेग कसा मोजतात आणि तो मोजताना चूक नेमकी कुठून शिरते हे हातानं शिकावं, यासाठी घेणार असाल तर या पैशात याच्या जवळपास जाणारं दुसरं काही नाही. फक्त तो आहे तसा वापरून चालत नाही. मूळ आराखडा दृश्य प्रकाशासाठी आहे. ८५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात न्यायचा तर ग्रेटिंग (बारीक रेषा कोरलेली, प्रकाश फाकवणारी पट्टी), फिल्टर, प्लॅस्टिक आणि कॅमेरा या चारही गोष्टी बदलाव्या लागतात, आणि आपल्याकडचा उन्हाळा पाचवी अट घालतो.

स्टारएक्स म्हणजे फ्रान्सचे ख्रिश्चन ब्युल यांचा खुला आराखडा. त्यांच्याच सोलएक्स या सूर्यासाठीच्या यंत्राचं हे ताऱ्यांसाठीचं रूप. सांगाड्याच्या थ्रीडी प्रिंटच्या फाइली फुकट मिळतात. लेन्स, स्लिट (प्रकाश आत घेणारी बारीक फट) आणि ग्रेटिंग यांचा संच विकत घ्यावा लागतो, तो काही शे युरोंचा, वर कुरिअर आणि कस्टम. इथे तपासलेली जोडणी अशी: कॉलिमेटर लेन्स (किरण समांतर करणारी) ८० मिमी, कॅमेऱ्याची लेन्स १२५ मिमी, दोन्हींमधला कोन ३४ अंश, ग्रेटिंग २५ मिमी चौरस, आणि २.९ मायक्रॉन पिक्सेलचा सोनी आयएमएक्स ४६२ चिपचा कॅमेरा. दुर्बीण २०० मिमी, एफ/६.

इन्फ्रारेडच का, हे थोडक्यात. सूर्याच्या शेजारातले चारपैकी तीन तारे लाल बटू, म्हणजे लहान आणि थंड तारे आहेत. ३००० केल्विनचा तारा सर्वाधिक प्रकाश १ मायक्रॉनच्या आसपास देतो. ट्रॅपिस्ट-१ हा असाच तारा दृश्य प्रकाशात १८.८ प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका), पण १.२५ मायक्रॉनच्या जे पट्ट्यात ११.४ च्या घरात. ग्रह फिरताना ताऱ्यालाही थोडा हलवतो, आणि ताऱ्याचा तो वेग वर्णपटातल्या रेषा किती सरकतात त्यावरून कळतो. तारा हलका असल्यानं ग्रह त्याला जास्त हलवतो हा दुसरा फायदा: पृथ्वी सूर्याला सेकंदाला ९ सेंटिमीटर हलवते, तर जवळपास पृथ्वीएवढाच प्रॉक्सिमा बी हा ग्रह प्रॉक्सिमा या आपल्या ताऱ्याला सुमारे १.४ मीटर. (प्रॉक्सिमा आपल्याकडून विसराच. तो विदर्भात क्षितिजावर जेमतेम ७ अंश चढतो, तेवढ्यात धुरळ्यात जातो.)

आता स्वस्त इन्फ्रारेड म्हणजे काय ते समजून घ्या, कारण विक्रेते हा शब्द फार सैल वापरतात. या रस्त्यावर तीन नाके आहेत. पहिला नाका सिलिकॉनचा. सिलिकॉनची चिप १.१ मायक्रॉनला आंधळी होते आणि ०.९५ नंतरच दम टाकू लागते. त्याच्या अलीकडे राहिलात तर हजारांत काम भागतं. दुसरा नाका इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा, १.७ मायक्रॉनपर्यंत. सोनीच्या आयएमएक्स ९९० सारख्या चिपांनी किंमत खाली आणली आहे, तरी कॅमेरा अजून लाखांतच जातो, चिपचा अंधारप्रवाह (प्रकाश नसतानाही उमटणारा खोटा संकेत) सिलिकॉनच्या कित्येक पट असतो आणि आयात करताना निर्यात-परवान्याचे कागद मागितले जाऊ शकतात. तिसरा नाका पारा-कॅडमियम-टेल्युराइडचा. १.८ मायक्रॉनच्या पुढे स्पेक्ट्रोग्राफची भिंत, लेन्सची कडी, स्लिटची चौकट सगळं स्वतःच चमकू लागतं, म्हणून सगळीच पेटी थंड करावी लागते. अमेरिकेतल्या एचपीएफ या ग्रह शोधणाऱ्या स्पेक्ट्रोग्राफची प्रकाशयंत्रणा १८० केल्विनला ठेवतात, स्पेनमधल्या कार्मेनेसची इन्फ्रारेड शाखा १४० केल्विनला. ही मोठ्या संस्थांची कामं. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआर संस्थेनं उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीसाठी बांधलेला टॅनस्पेक २.५ मायक्रॉनपर्यंत जातो, तोही याच थंड जातीतला.

मधली एक हुशार वाट जपानच्या वाइनरेड या स्पेक्ट्रोग्राफनं दाखवली. ०.९ ते १.३५ मायक्रॉनमध्येच थांबायचं, म्हणजे लेन्स-ग्रेटिंग खोलीच्या तापमानाला ठेवून फक्त चिप थंड केली तरी विभेदनक्षमता (जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची ताकद) २८,००० मिळते. खर्च कुठे कापता येतो याचा हा वस्तुपाठ आहे. ग्रेटिंग महाग नसते. पैसा खातात ती चिप आणि थंडी.

स्टारएक्स पहिल्या नाक्याच्या अलीकडचं यंत्र आहे. त्याच्या पदरात आणखी एक गोष्ट पडते. स्पेक्ट्रोग्राफचा आकार दुर्बिणीच्या व्यासासोबत वाढतो. आकाशात २ कोनीय सेकंदांचीच (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) स्लिट ठेवून तीच विभेदनक्षमता हवी असेल, तर ३.६ मीटर दुर्बिणीला २०० मिमीच्या तुलनेत १८ पट रुंद प्रकाशझोत लागतो. आपली दुर्बीण लहान आहे म्हणूनच प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यात काम होतं.

ग्रेटिंग: २४०० रेषांची नको

संचासोबत बहुतेक जण प्रति मिमी २४०० रेषांची ग्रेटिंग घेतात, कारण हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या रेषेला ती उत्तम. इन्फ्रारेडला ती निरुपयोगी आहे. ३४ अंशांच्या या मांडणीत आपाती कोन ९० अंशांना टेकतो तेव्हा तरंगलांबी ७६० नॅनोमीटरच्या आसपास असते. त्यापुढे ग्रेटिंग कितीही फिरवा, प्रकाश कॅमेऱ्याकडे येणारच नाही.

१२०० रेषांची घ्या. ८५४ नॅनोमीटरला आपाती कोन सुमारे ४९ अंश आणि बाहेर पडणारा १५ अंश येतो. प्रसार (चिपवर वर्णपट किती फाकतो ते) दर मिमीला ६.४ नॅनोमीटर, म्हणजे एका पिक्सेलला ०.०१९ नॅनोमीटर. चिपची रुंदी ५.६ मिमी, म्हणून एका फोटोत ३६ नॅनोमीटर बसतात. ८४० ते ८७६ असा पट्टा लावला की कॅल्शियमच्या तिन्ही रेषा, ८४९.८, ८५४.२ आणि ८६६.२, एकाच चौकटीत येतात. ताऱ्याचं चुंबकीय वागणं या रेषांच्या पोटात दिसतं, आणि हा पट्टा पाण्याच्या वाफेच्या ८२० आणि ९३५ च्या दाट पट्ट्यांमधला त्यातल्या त्यात मोकळा आहे.

१० मायक्रॉन स्लिटनं विभेदनक्षमता साडेबारा हजारांच्या आसपास येते, २३ मायक्रॉननं साडेपाच हजार. १२०० मिमी फोकल लांबीवर १० मायक्रॉन म्हणजे आकाशातले १.७ कोनीय सेकंद. तारा आपल्याकडे उन्हाळ्यात ३ सेकंदांपेक्षा लहान ठिपका क्वचितच देतो, त्यामुळे अर्ध्याहून अधिक प्रकाश स्लिटच्या ओठांवरच सांडतो. सूर्यासाठी १० ची, ताऱ्यांसाठी २३ ची, असे दोन्ही तुकडे मागवा.

दुर्बीण एफ/६ पेक्षा वेगवान नको. एफ/६ चा झोत कॉलिमेटरनंतर १३ मिमी होतो आणि ४९ अंशांच्या तिरप्या ग्रेटिंगवर २० मिमी पसरतो, २५ मिमीत बसतो. एफ/४ च्या न्यूटोनियनवर हाच झोत ३० मिमी होतो. बाहेर गेलेला प्रकाश नुसता वाया जात नाही, तो डब्यात फिरत बसतो आणि वर्णपटावर धूसर पार्श्वभूमी चढवतो.

फिल्टर विसरू नका. ग्रेटिंग एकाच प्रकाशाचे एकावर एक वर्णपट टाकते, त्यांना क्रम म्हणतात. ८५० नॅनोमीटरचा पहिला क्रम जिथे पडतो तिथेच ४२५ नॅनोमीटरचा दुसरा क्रम पडतो. लाल बटूला निळा प्रकाश कमीच, पण व्याध किंवा अभिजित तुलनेसाठी घेतलात की निळा प्रकाश सगळी सांगड बिघडवतो. ६१० किंवा ६८५ नॅनोमीटरपासून पुढे सोडणारा लाँगपास फिल्टर स्लिटच्या आधी बसवा.

कॅमेरा: रंगीत चालतो

आयएमएक्स ४६२ ही चिप ८०० ते ८५० नॅनोमीटरला फार तल्लख आहे. तिची कृष्णधवल आवृत्ती महाग पडते आणि अनेकदा दुकानात नसते. ८५० च्या पुढे चिपवरचे लाल, हिरवे, निळे रंगफिल्टर तिन्ही जवळपास सारखेच पारदर्शक होतात. त्यामुळे या पट्ट्यात रंगीत कॅमेरा कृष्णधवलसारखाच वागतो. रंग जोडण्याची प्रक्रिया बंद करून कच्ची फाइल घ्या. उरलेला बारीक फरक फ्लॅट (एकसारख्या उजेडाचा तुलनेचा फोटो) काढतो. मात्र कॅमेऱ्याच्या काचेवर इन्फ्रारेड अडवणारा लेप नाही ना, हे घेण्याआधी विचारा. बहुतेक रंगीत कॅमेऱ्यांना तो असतो.

पातळ सिलिकॉनमध्ये लांब तरंगलांबीचा प्रकाश आत-बाहेर परावर्तित होऊन लाटांसारखे पट्टे उमटवतो. डोळ्यांना ते ताऱ्याच्याच रेषा वाटतात. उपाय एकच: १२ व्होल्टच्या हॅलोजन दिव्याचा फ्लॅट, ग्रेटिंगचा कोन न हलवता, त्याच तासाला. मोटारसायकलच्या हेडलाइटचा हॅलोजन बल्ब ट्रेसिंग पेपरमागे ठेवला तरी पुरतो. एलईडी चालणार नाही, पांढऱ्या एलईडीत ७५० च्या पुढे जवळपास काहीच नसतं.

प्लॅस्टिक

आराखडा डाउनलोड करून गावातल्या प्रिंटरवाल्याकडे टाकला आणि त्यानं पीएलएमध्ये काढून दिला, तर पहिल्या मेमध्ये यंत्र संपलं समजा. पीएलए ६० अंशांना मऊ पडतं. चंद्रपूर-अकोल्याकडे बाहेर ४६ असताना टिनाच्या शेडात किंवा बंद गाडीच्या डिक्कीत ६० सहज ओलांडतं. आधी कॉलिमेटरची नळी वाकते आणि फोकस एका कडेला नीट, दुसऱ्या कडेला फुटलेला असा दिसू लागतो. पीईटीजी ८० पर्यंत टिकतं, एएसए १०० च्या आसपास. एएसए घ्या. छापताना कोपरे उचलले जातात, म्हणून बंद प्रिंटर हवा. तो नसेल तर पीईटीजी: ०.२ मिमी थर, चार भिंती, ४० टक्के भराव. पावसाळ्यात रीळ ओल धरतं, छापण्याआधी ६५ अंशांवर चार-सहा तास वाळवा, नाहीतर भिंतीत सूक्ष्म भोकं राहतात.

आता यातली खरी गोम. काळं प्लॅस्टिक डोळ्यांना काळं दिसतं, इन्फ्रारेडला नाही. कार्बन ब्लॅक घातलेलं असेल तर ते प्रकाश अडवतं, नुसता काळा रंग घातलेला असेल तर ८५० नॅनोमीटरला तीच भिंत दुधी काचेसारखी वागते. रीळ घेण्याआधी तपासायला टीव्हीचा रिमोट पुरतो. रिमोटचा दिवा ९४० नॅनोमीटरचा असतो. ३ मिमी जाडीचा तुकडा मध्ये धरून मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा, बटण दाबल्यावर जांभळट ठिपका दिसला तर ते रीळ बाद. सांगाडा आधीच छापून झाला असेल तर बाहेरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळा. याचा जुळा भाऊ म्हणजे काळं ॲनोडाइज केलेलं ॲल्युमिनियम. तेही इन्फ्रारेडला चकाकतं. आतली प्रत्येक अशी कडी कार्बनयुक्त मॅट काळ्या रंगानं रंगवा.

जोडणी

क्रम मोडू नका, नंतर दुरुस्त करता येत नाही. आधी एखादी छोटी दुर्बीण किंवा डीएसएलआरची लेन्स दूरच्या डोंगरावर किंवा टॉवरवर अनंताला फोकस करा. मग तिच्यातून कॉलिमेटरमार्गे स्लिटकडे पाहा आणि स्लिटची कड धारदार होईपर्यंत कॉलिमेटर पुढेमागे करून तो कायमचा घट्ट करा. त्यानंतर ग्रेटिंग बसवा. कडांनाच धरा. रेषा असलेल्या पृष्ठभागाला बोट लागलं तर पुसता येत नाही, ॲल्युमिनियमचा थर इपॉक्सीवर असतो आणि कापसाच्या एका फेऱ्यात निघून येतो. मग निऑनच्या रेषा पडद्यावर आणून कॅमेऱ्याची लेन्स फोकस करा. शेवटी स्लिट फिरवून रेषा उभ्या करा, ती ग्रेटिंगच्या खाचांना समांतर नसेल तर सगळ्या रेषा एका बाजूला कललेल्या दिसतात.

हे सगळं ८५० च्याच पट्ट्यात करा. लेन्स दृश्य प्रकाशासाठी दुरुस्त केलेल्या आहेत, हायड्रोजनच्या रेषेवर लावलेला फोकस इन्फ्रारेडमध्ये हललेला सापडतो.

मोजपट्टीसाठी महागडा दिवा लागत नाही. स्विचबोर्डच्या जुन्या इंडिकेटरमधला निऑन ८४९.५, ८५९.१, ८६३.५ आणि ८६५.४ या रेषा देतो, म्हणजे आपल्याच पट्ट्यात चार खुणा. नवे इंडिकेटर बहुतेक एलईडीचे असतात, तेव्हा नारिंगी लुकलुकणारा जुना माल पाहून घ्या. सुट्या निऑनला २३० व्होल्टवर मालिकेत किमान १५० किलोओमचा रेझिस्टर हवाच, आणि दिवा झाकणाच्या आत कायमचा बंद करा. विद्यार्थ्यांच्या हाताशी उघडी तार ठेवू नये.

कापूस, कूलर, सीसीटीव्ही

विदर्भात या यंत्राचा पहिला शत्रू कापूस आहे. कापसाचा एक तंतू १२ ते २० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे १० मायक्रॉनच्या स्लिटपेक्षा रुंद. जिनिंगच्या मोसमात हवेत उडणारा एक तंतू स्लिटवर आडवा बसला की वर्णपटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी आडवी रेघ उमटते. रेघ तरंगलांबीच्या दिशेनं धावत असेल तर ती स्लिटवरची घाण, उभी असेल तरच ती ताऱ्याची किंवा हवेची. स्लिटला फुंकर मारू नका, थुंकीचा थेंब तंतूपेक्षा वाईट. रबरी ब्लोअर वापरा आणि काम नसताना तोंडाला टोपण ठेवा. टोपण नसेल तर कुंभारीण माशी दोन दिवसांत नळीत मातीचं घर बांधते, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

कूलर त्याच खोलीत नको. मार्च ते जून तो बंद ठेवणं कुणालाच जमत नाही, पण त्याची ओल ग्रेटिंगवर बसते आणि त्याची थरथर स्टँडमार्गे स्लिटपर्यंत पोहोचते.

प्रकाश-प्रदूषणाचं गणित इथे उलटं आहे. गावातले एलईडीचे पथदिवे या पट्ट्यात जवळपास अंधारेच, त्यामुळे चौकातून दृश्य प्रकाशात न जमणारं काम इन्फ्रारेडमध्ये बऱ्यापैकी जमतं. त्रास देतात ते सीसीटीव्ही. रात्री पाहणाऱ्या कॅमेऱ्यांचे दिवे ८५० नॅनोमीटरचे असतात, नेमके आपल्या चौकटीच्या मधोमध. डोळ्याला फार तर अंधुक लाल ठिपका दिसतो, पण चिपला ते हॅलोजनसारखे वाटतात. ग्रामपंचायतीचा किंवा शेजारच्या गोदामाचा कॅमेरा दुर्बिणीच्या रेषेत येतो का ते आधी मोबाइलनं पाहा. आकाश काळंकुट्ट हवं असेल तर पेंच आहेच, जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून त्याला मान्यता मिळाली. पण या यंत्रासाठी तेवढ्या लांब जायची गरज नाही. काळ्या आकाशातही हवेतल्या हायड्रॉक्सिलच्या नैसर्गिक रेषा या पट्ट्यात असतातच. ताऱ्याच्या वर-खाली स्लिटवर जे रिकामं आकाश येतं, ते वजा करून त्या काढाव्या लागतात.

मोसम नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी. नंतर पऱ्हाट्या जाळण्याचा धूर आणि मेमधला धुरळा. ऑक्टोबरात आकाश धुतलेलं दिसतं पण वाफ भरपूर असते, आणि ती ८२० च्या पट्ट्यातून आपल्या चौकटीच्या डाव्या कडेला बारीक रेषा टाकते. त्या ओळखायला त्याच उंचीवरचा गरम, वेगानं फिरणारा तारा घ्या. त्याच्या स्वतःच्या रेषा पसरट असतात, बारीक दिसतील त्या हवेच्या.

मग ग्रह का नाही?

इथे आकडेच बोलू देत. या जोडणीत एक पिक्सेल म्हणजे सेकंदाला ६.६ किलोमीटर. ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह, १९९५ मध्ये सापडलेला, आपल्या ताऱ्याला ५६ मीटर हलवतो: पिक्सेलचा सुमारे ११८ वा भाग, चिपवर २५ नॅनोमीटर. ताऊ बूटिस हा सोपा तारा. ४.५ प्रतीचा, विदर्भात जवळपास डोक्यावर येतो, ग्रहाचा फेरा ३.३ दिवसांचा आणि वेग ४६० मीटरच्या आसपास. तोही पिक्सेलचा केवळ सात शतांश.

आता प्लॅस्टिककडे या. पीईटीजीचा १०० मिमी तुकडा १ अंशाला सुमारे ६ मायक्रॉन वाढतो, म्हणजे दोन पिक्सेल. त्यातला चौथा हिस्सा जरी आडव्या दिशेला उतरला तरी ३ किलोमीटरची खोटी सरक. जानेवारीत संध्याकाळपासून पहाटेपर्यंत तापमान सात-आठ अंश सहज उतरतं. प्लॅस्टिक सोडा, नुसत्या हवेचं पाहा: १ अंशानं हवेचा अपवर्तनांक जेवढा बदलतो त्याची किंमत सेकंदाला २७० मीटर, आणि दाबाच्या एका मिलिबारची ८० मीटर. म्हणून माउंट अबूचा परास हा ग्रह शोधणारा स्पेक्ट्रोग्राफ निर्वात टाकीत ठेवतात आणि त्याचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर राखतात. खर्च ग्रेटिंगवर होत नाही, शांततेवर होतो.

दर दहा मिनिटांच्या ताऱ्याच्या फोटोच्या आधी आणि नंतर निऑन घेतलात तर यातलं बरंचसं सुधारतं, पूर्ण नाही. कारण निऑनचा प्रकाश स्लिट सगळीकडे एकसारखी भरतो, तारा मात्र स्लिटच्या ज्या कडेला टेकला असेल तिकडे रेषा ओढतो. ही गाइडिंगची (तारा स्लिटवर नेमका धरून ठेवण्याची) चूक निऑनला दिसतच नाही. तिच्यावर उपाय म्हणजे फायबर. ५० मायक्रॉनच्या फायबरमधून प्रकाश घुसळून निघतो, आणि स्पेक्ट्रोग्राफ दुर्बिणीवरून काढून खोलीत ठेवता येतो. जाड मातीच्या भिंतीची धाब्याची खोली इथे काँक्रीटपेक्षा सरस. तिच्यात थर्माकोलची पेटी, आत छोटा हीटर आणि नियंत्रक. नियंत्रकाचं तापमान रात्रीच्या सर्वाधिक तापमानापेक्षा वर लावा, कारण हीटर गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. हिवाळ्यात २५ ठीक. पण इन्फ्रारेडमध्ये फायबरचे मार्ग दृश्य प्रकाशापेक्षा कमी असतात, त्यामुळे फायबर थोडा हलला तरी ठिपक्यांची नक्षी बदलते. फायबर हळू हलवत ठेवणारी छोटी मोटर लावावी लागते. हे सगळं करून ताऊ बूटिसचा वेग हाती येऊ शकतो. ते मग स्टारएक्स राहत नाही, वेगळं यंत्र होतं.

जे जमतं

तरी घ्या असं म्हणतो, ते पुढच्या कामांसाठी.

दिवसा सूर्य. विषुववृत्तावर त्याची एक कड २ किलोमीटर वेगानं आपल्याकडे येते, दुसरी तेवढ्याच वेगानं दूर जाते. दोन्ही कडांच्या वर्णपटांत ०.६ पिक्सेलचा फरक यायला हवा. ८४६.८ आणि ८५१.४ च्या लोहाच्या बारीक रेषांवर तो मोजा. उत्तर आधीच माहीत आहे, म्हणून यंत्र आणि गणित दोन्ही तपासले जातात. पिक्सेलहून लहान सरक मोजायला शिकण्यासाठी याहून चांगला धडा नाही, आणि ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. छोट्या दुर्बिणीपुढे सौर फिल्टर किंवा तिच्या मागच्या टोकाला हर्शेल वेज (सूर्याचा बहुतेक प्रकाश बाहेर टाकणारा प्रिझम) हवाच, डोळा लावायचा नाही. ग्रेटिंग फिरवून याच यंत्रानं सूर्यातली १०८३ नॅनोमीटरची हेलियमची रेषाही पकडता येते. सिलिकॉन तिथे जवळपास आंधळं असतं, पण सूर्य भरपूर देतो. २०१८ पासून बाह्यग्रहांच्या निसटत्या वातावरणाचा पुरावा मोठ्या दुर्बिणी याच रेषेत वाचतात.

रात्री रोहिणी. तिच्या कॅल्शियमच्या रेषा ठसठशीत आहेत आणि ती क्रांतिवृत्ताजवळ असल्यानं पृथ्वीच्या ३० किलोमीटर वेगाचा जवळपास पूर्ण परिणाम दाखवते. डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तिच्या रेषा साडेचार पिक्सेल सरकतात. ज्या विद्यार्थ्यानं ही सरक स्वतः काढली, त्याला सूर्यकेंद्री दुरुस्ती (पृथ्वीचा स्वतःचा वेग मोजमापातून वजा करणं) वेगळी शिकवावी लागत नाही. पृथ्वीचं रोजचं फिरणंच आपल्या अक्षांशावर सेकंदाला ४३५ मीटर आहे, ताऊ बूटिसच्या ग्रहाएवढं. ते विसरलात तर रोज संध्याकाळी नवा ग्रह सापडेल.

आणि लाल बटू. २३ मायक्रॉन स्लिट, २०० मिमी दुर्बीण, दहा मिनिटं: ४ प्रतीच्या ताऱ्याला संकेत-गोंगाट गुणोत्तर तीनशेच्या पुढे, ८ ला पन्नास-साठ, १० ला वीसच्या आसपास. हे गणित इन्फ्रारेड प्रतीचं आहे. दृश्यात साडेनऊ प्रतीचा बार्नार्डचा तारा इथे सातच्याही आत येतो. कॅल्शियमच्या रेषांच्या तळाशी उजळपणा वाढतोय का, ज्वाला उठली का, हे रात्रीमागून रात्र नोंदवता येतं. ग्रह म्हणून जाहीर झालेले काही संकेत पुढे ताऱ्याच्या डागांचे निघाले आहेत, त्यामुळे या नोंदी किरकोळ नाहीत.

खरेदीचा क्रम

कॉलेजला एकदम सगळं घ्यायची गरज नाही. आधी रीळ तपासून सांगाडा, मग प्रकाशसंच, त्यासोबतच १२०० रेषांची ग्रेटिंग सांगून घ्या. नंतर वेगळी मागवली तर कुरिअर-कस्टम दुसऱ्यांदा भरावं लागतं. पहिले सहा महिने सूर्यावरच काढा, त्याला गाइडिंग लागत नाही आणि चांगला माउंटही (दुर्बीण पेलून फिरवणारा स्टँड) लागत नाही. रात्रीच्या कामासाठी गाइड कॅमेरा आणि दोन्ही अक्षांवर मोटर असलेला माउंट लागतो, आणि तो स्पेक्ट्रोग्राफपेक्षा महाग पडतो. अंदाजपत्रकात हे कुणी लिहीत नाही.

विजेचं पाहून ठेवा. माउंट, दोन कॅमेरे आणि लॅपटॉप मिळून ८० ते १०० वॅट धरा. आठ तासांची रात्र म्हणजे ६४० ते ८०० वॅट-तास. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची इन्व्हर्टरची बॅटरी कागदावर १२०० देते, पण अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, तेव्हा एका बॅटरीत पहाट होत नाही. लॅपटॉपला वेगळी बॅटरी द्या. शेतीच्या फेजवर काही जोडू नका. शेजारचा मोटरपंप सुरू होताना पडणारा दाब माउंटला थबकवतो, आणि तारा स्लिटवरून निघून गेला हे पुढच्या दहा मिनिटांचा फोटो उघडेपर्यंत कळत नाही.